फाइट आणि दहावीचा मार्च

मार्च लागला की बेळगावात आमच्या खासबागेतल्या गल्लीत टीव्हीचे आवाज खाली येतात. कुणी कुणाला सांगत नाही, पण प्रत्येक चार-पाच घरांत एखादं तरी पोर दहावीला नाहीतर पीयूसीला असतंच, आणि त्याच्या नावानं सगळी गल्ली दबक्या पावलांनी चालायला लागते. टोकाच्या घरातले यंत्रमाग तेवढे खडखडत राहतात. यंदा परीक्षा आमच्याच घरात आहे. माझी मुलगी तन्वी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला बसलीय.

परवा कोर्टातून दुपारीच परत आले. दारात चपला काढत होते तेवढ्यात आतल्या खोलीतून एक आवाज आला. आधी हवेत काहीतरी सपकन फिरल्याचा, मग एक हुंकार, मग कुणीतरी जमिनीवर धपकन आदळल्याचा, आणि त्यावर घंटा. एक चप्पल पायात, एक बाहेर, अशी मी तिथंच थांबले. हा आवाज जवळजवळ तीस वर्षांत कानावर पडला नव्हता, तरी माझ्या उजव्या हाताची बोटं आपोआप आखडली.

दार लोटलं तर तन्वी रसायनशास्त्राच्या पुस्तकाला टेकून फोनवर खेळत होती. मला बघून तिनं फोन उशीखाली सारला. मी म्हटलं, लपवू नको, आणि समोरचा उडी मारतोय तेव्हा तूही उडी मारत जाऊ नको, खाली उभी राहा, त्याला उतरू दे, मग बघ. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी पोळ्या लाटता लाटता जपानी बोलायला लागले होते.

मग तिनंच मला माहिती पुरवली. हा खेळ म्हणे फार जुना, जपानमध्ये तयार झालेला. दोन जणांनी समोरासमोर उभं राहून लढायचे जे खेळ आज निघतात त्यांतले बरेचसे याच्याच वळणावर गेलेत. याच्या एकामागून एक आवृत्त्या निघाल्या, याच्या स्पर्धा होतात, लोक त्या तिकीट काढून बघतात. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्येही यंदा ठेवला होता. आत्ता ती जिच्याशी खेळत होती ती व्यक्ती कोण, असं विचारल्यावर म्हणाली, काय माहीत, नाव जपानी वाटतंय. मी सगळं निमूट ऐकून घेतलं. आपल्या लहानपणाची हकिकत आपल्या पोरांच्या तोंडून ऐकण्यात एक वेगळीच गंमत असते.

माझ्या माहेरी निपाणीत या खेळाचं खरं नाव कुणी कधी घेतलं नाही. ते पेटीच्या कपाळावर इंग्रजीत झळकत असायचं, आणि यंत्र चालू केलं की पडद्यावर क्षणभर आणखी कुठल्यातरी लिपीतली अक्षरं यायची. ती चिनी आहेत यावर सगळ्यांचं एकमत होतं. खेळाला आम्ही म्हणायचो ‘फाइट’. फाइट खेळायला जातो, फाइट बंद आहे, फाइटवाल्या अण्णांकडं विचार. ज्या लोकांनी तो खेळ बनवला त्यांनी निपाणीचं नाव ऐकलं असण्याचा प्रश्नच नव्हता, पण त्यांच्या त्या परदेशी पैलवानांना आमच्याकडं धोबीपछाड आणि ढाक हे कुस्तीचे डाव मारता येत होते.

मी दहावीला होते त्या वर्षीची ही गोष्ट. निपाणीत जानेवारीपासून तंबाखूचा हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत वखारी पोत्यांनी गच्च भरतात. चाळण चालू असली की तंबाखूच्या धुळीचा खकाणा उडतो, आणि तो हवेतून शाळेतही येतो, देवळातही येतो. परक्या माणसाला त्या दिवसांत निपाणीत उतरल्यावर आधी शिंका येतात, मग गाव दिसतं. आम्हांला शिंका येत नसत. नाकाच्या शेंड्याशी कायम एक तिखट ऊब असायची. आजही कुठं कच्च्या तंबाखूचा वास आला की मला वहीच्या कोऱ्या पानाचीच आठवण होते.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, एका वखारीत दिवाणजी होते. पोत्यांची वजनं लिहायची, आलेगेलेल्या गाड्यांची नोंद ठेवायची. स्वतः सातवीनंतर शाळा सोडावी लागली होती. पांढरी टोपी, खिशाला पेन, आणि शब्द मोजून बोलणं. मी एकुलती एक. दहावी चांगली निघाली तर बेळगावला हॉस्टेलवर ठेवून शिकवायचं, हे त्यांनी मी सहावीत असतानाच आईला सांगून टाकलं होतं. नाही निघाली तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली दहावीनंतर आयांच्या शेजारी बसून विड्या वळायला लागायच्या, आणि दोन-तीन वर्षांत त्यांच्या लग्नाच्या पत्रिका यायच्या.

अडचण अशी होती की मला सगळं यायचं आणि पेपरात काही यायचं नाही. घरी सोडवलेलं गणित परीक्षेत समोर आलं की छातीत धडधडायला लागायचं. मग मी एक प्रश्न अर्धा सोडून दुसऱ्याला हात घालायचे, तिथून तिसऱ्याकडं, परत पहिल्याकडं, खाडाखोड, आणि घंटा. पूर्वपरीक्षेत मी गणितात नापास झाले. आमच्या बाईंनी आप्पांना बोलावून सांगितलं की पोरीच्या डोक्यात काही कमी नाही, पण पेपर हातात आला की तिचं काहीतरी होतं, काय ते मला कळत नाही.

आप्पांनी यावर त्यांना सुचला तो उपाय केला. पहाटे पाचला मला उठवायचं, पाटावर बसवायचं आणि माझ्या पाठीमागं स्वतः खुर्ची टाकून बसायचं. हातात पुठ्ठ्याचा पंखा. मला उकडू नये म्हणून ते मागून वारा घालायचे, आणि वारा घालता घालता माझ्या खांद्यावरून वहीत बघायचे. मी चुकले की पंखा थांबायचा. बोलायचे नाहीत काही. पंखा थांबला की मला कळायचं, आणि मग पुढच्या ओळीचे आकडे माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागायचे. आजही ते आठवलं की मला राग येत नाही. वारा घालणारा बाप वाट्याला किती जणांच्या येतो?

दुपारी मात्र घर मोकळं असायचं. अभ्यासाची सुट्टी लागलेली. आप्पांचा डबा वखारीत पोचवायचं काम माझं. वखारीच्या अलीकडं एक बंद पडलेलं चहाचं हॉटेल होतं, तिथं दत्तू पैलवानांनी फाइटची पेटी आणून ठेवली होती.

दत्तूअण्णांना त्या वेळी सगळं गाव ओळखायचं. आसपासच्या जत्रांतल्या कुस्त्या त्यांनी मारल्या होत्या, आणि अशाच एका जत्रेत डावा गुडघा कायमचा गमावला होता. तालीम सुटली. मग कुणाच्या तरी सल्ल्यानं मुंबईच्या जुन्या बाजारातून ही पेटी उचलली, ट्रकवर टाकून आणली, आणि हॉटेलच्या पुढच्या खोलीत मांडली. सकाळ-संध्याकाळ कॉलेजची पोरं गर्दी करायची. भर दुपारी कोणी नसायचं. अण्णा तेवढे बाकावर बसलेले असायचे, डावा पाय पुढं सरळ ठेवून, कुस्तीत चुरगळलेले कान पंख्याच्या वाऱ्याकडं करून. आणि पेटीवर कोणी खेळत नसताना यंत्र स्वतःच जी लढत दाखवत राहतं ती ते टक लावून बघायचे.

मी पहिल्या दिवशी उंबऱ्याशी थांबले ती आवाजानं. दुसऱ्या दिवशीही थांबले. तिसऱ्या दिवशी डबा देऊन परत येताना अण्णांनी विचारलं, खेळतीस का. मी म्हटलं, नाही, पैसे नाहीत. त्यांनी पेटीचं पुढचं झाकण किल्लीनं उघडलं, आत कुठलीशी तार दाबली, आणि पडद्यावर खेळ सुरू झाला. दुसरा दांडा त्यांनी स्वतः धरला.

दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहून तो खेळ खेळायची. डाव्या हातात दांडा, उजव्या हाताखाली सहा बटणं. लांब पायांची एक मुलगी होती पडद्यावर, मी तीच घेतली. मी दांडा इकडून तिकडं फिरवला, बटणांवर भाजी चिरल्यासारखी बोटं चालवली, आणि अण्णांच्या माणसानं माझ्या मुलीला तीनदा उचलून आपटलं. एवढं मोठं शरीर होतं अण्णांचं, पण शेजारी उभं राहून खेळताना त्यांचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. माझ्या हातांना घाम सुटला होता.

त्यांनी माझ्या बोटांकडं पाहिलं आणि म्हणाले, “भ्याल्यावर माणूस समदी बटणं दाबतंय. एकच दाब. पण कवा दाबायचं ते बघून दाब.”

मला त्या एका वाक्यात माझा गणिताचा पेपर दिसला. खरंच दिसला, अर्ध्यावर सोडलेले प्रश्न, खाडाखोड, सगळं.

त्यानंतर तीन आठवडे मी रोज दुपारी अर्धा तास अण्णांकडं थांबले. आईला सांगायचे, मैत्रिणीकडं वही आणायला गेले होते. अण्णांनी मला त्या खेळातल्या करामती शिकवल्या नाहीत, त्यांना त्या येतही नव्हत्या. हातातून आगीचा गोळा फेकणं, हवेत गिरक्या घेणं हे कॉलेजच्या पोरांचं. अण्णांनी त्या पेटीत कुस्ती बघितली होती आणि कुस्तीच शिकवली. समोरचा अंगावर येतोय तोवर दांडा मागं ओढून धरायचा, म्हणजे आपला माणूस हात आडवे करून मार झेलतो. मला वाटायचं, हे पळणं झालं. अण्णा म्हणायचे, मागं ओढून धरणारा पळत नाही, तो जागेवर असतो, त्याला दिसत असतं. मारणाऱ्याला काही दिसत नाही. समोरच्याचा हात संपू दे. प्रत्येकाचा हात कधीतरी संपतो. मग एक बटण.

एवढं साधं होतं ते, पण माझ्या बोटांना पटायला दहा-बारा दिवस लागले. आधी नुसतं उभं राहणंच जमेना. आपल्यावर कुणी धावून येत असताना काहीही न करता उभं राहायचं, याहून अवघड काम मी त्या वयापर्यंत केलं नव्हतं. मग एके दुपारी ते जमलं. कसं ते सांगता येत नाही. डोळ्यांसमोरचा गोंधळ जरा हळू झाला, एवढंच. अण्णांचा माणूस धावून आला, मी झेललं, पुन्हा आला, पुन्हा झेललं, आणि मग त्याच्या दोन फटक्यांमध्ये मला एक फट दिसली, स्वच्छ, दारात असावी तशी. मी एकच बटण दाबलं. अण्णांचा माणूस पडला. अण्णांनी बाकावरची त्यांची पाण्याची बाटली माझ्याकडं सरकवली.

पुढच्या आठवड्यात कोल्हापूरच्या कॉलेजात शिकणारा गावातलाच एक मुलगा दुपारचा आला. मला बघून हसला आणि म्हणाला, चल. मी त्याला दोनदा हरवलं. दुसऱ्यांदा हरल्यावर तो हसत नव्हता, दांडा हलवून बघत होता, कुठं ढिला तर झाला नाही ना म्हणून. मी उन्हातून घरी चालत आले तेव्हा माझे पाय रस्त्याला नीट लागत होते. एरवी मी गल्लीतून भिंतीच्या कडेकडेनं चालायचे. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध आले, हे मला स्पष्ट आठवतं.

आज वकिली करताना मला रोज ते दिसतं. नवा ज्युनियर उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदारावर एका दमात दहा प्रश्न टाकतो, आणि साक्षीदार त्यांतला सोयीचा एक उचलून बाकीच्या नऊंतून निसटतो. मी त्याला बाजूला घेऊन सांगते, एकच विचार, आणि तो बोलून संपेपर्यंत गप्प राहा. बेळगावच्या कोर्टात कानडीतून, मराठीतून, इंग्रजीतून, तिन्ही भाषांच्या खिचडीतून मी एवढी वर्षं माणसं तपासली. समोरचा मोठ्या आवाजात बोलायला लागला की मला भीती वाटत नाही. त्याचा हात संपेपर्यंत मी मागं ओढून धरते. माझ्या बरोबरीचे लोक याला माझा स्वभाव समजतात. तो स्वभाव नाही, तंबाखूच्या हंगामात तीन आठवडे शिकलेली गोष्ट आहे.

परीक्षेला चार दिवस राहिले असताना आप्पांना कळलं. कुणी सांगितलं ते मला आजवर माहीत नाही. त्या दिवशी मी डबा देण्याआधीच अण्णांकडं वळले होते. एक डाव खेळून मग जाऊ असं म्हणून. खेळत असताना दारातला उजेड कमी झाला. वळून बघते तर आप्पा. टोपीवर, खांद्यांवर खकाणा बसलेला. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग बाकावर ठेवलेल्या डब्याकडं.

अण्णा उठले. त्यांना उठायला वेळ लागायचा. म्हणाले, “या दिवाणजी. पोरगी माझ्याकडं तालमीला येतीया.”

“तिची दहावी हाय, पैलवान.”

“म्हणून तर.”

मला वाटलं, आता आप्पा हात धरून नेतील. पण ते आत आले, माझ्या पाठीमागं उभे राहिले आणि म्हणाले, “खेळ. बघू दे मला.”

अण्णांनी पेटी उघडून यंत्राविरुद्धचा खेळ लावला. मी दांडा धरला. मागून मला आप्पांच्या सदऱ्याचा तंबाखूचा वास येत होता, आणि पहाटेच्या त्या पंख्याचा वारा नसूनही माझ्या मानेला लागत होता. समोरचा धावून आला. मी समदी बटणं दाबली. तीन आठवड्यांत शिकलेलं सगळं पहिल्या दहा क्षणांत सांडून गेलं. एक डाव हरले, दुसरा त्याहून लवकर हरले. पडद्यावर आकडे उलटे पडायला लागले, पुढं खेळायचं का म्हणून.

आप्पांनी डबा उचलला आणि ते वखारीकडं चालू लागले. मला घरी जा म्हणाले नाहीत, इथं परत दिसलीस तर बघ, असंही म्हणाले नाहीत. मी अण्णांकडं पाहिलं तर ते आप्पांच्या पाठीकडं बघत होते.

त्या संध्याकाळी आप्पा रोजच्यापेक्षा उशिरा घरी आले आणि जेवून झोपले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मला उठवलं, पाट मांडला, पण खुर्ची आणली नाही. मी वही उघडून वाट बघत बसले. ते म्हणाले, तू वाच, मला बाहेर काम आहे, आणि खरंच बाहेर पडले. त्यानंतर ती खुर्ची माझ्यामागं परत कधी आली नाही.

मी त्याचा एकच अर्थ लावला. आप्पांनी माझा नाद सोडला. त्यांच्या डोळ्यांदेखत मी एका खेळातसुद्धा तोंडावर पडले, त्यासाठी घरी खोटं बोलत होते, त्या दिवशी तर त्यांचा डबाही अडकवून ठेवला होता, आणि आता त्यांना माझ्याकडून काही नको होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार? परीक्षेचे सहाही दिवस रजा काढून शाळेच्या फाटकाशी उभा राहीन, असं त्यांनी वखारीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मालकानं रजा दिलीही होती. पण पहिल्या पेपरादिवशी सकाळी त्यांनी टोपी घातली आणि वखारीची वाट धरली. मी एकटी शाळेत गेले. फाटकाजवळच्या लिंबाखाली बाकीच्या मुलींचे वडील, काका, भाऊ उभे होते. कुणाच्या हातात पाण्याचा तांब्या, कुणाच्या हातात लिंबू. मी त्यांच्यामधून आत गेले आणि मागं वळून बघितलं नाही, कारण मागं कोणी नव्हतं.

गणिताच्या पेपराला छातीत धडधडायला लागलं, अगदी नेहमीसारखं. मी पेन खाली ठेवलं. दोन्ही हात मांडीवर घेतले. पेपर अंगावर येत होता, येऊ दिला. सगळे प्रश्न एकदा शांतपणे वाचले, एकालाही हात न लावता. शेजारच्या मुलीचं पहिलं पान भरलं तरी मी बसूनच. पर्यवेक्षक बाई दोनदा माझ्याकडं बघून गेल्या. मग मला एक फट दिसली. तिसरा प्रश्न. तो पूर्ण सोडवला, खाली रेघ ओढली, आणि दुसरी फट शोधली. घंटा झाली तेव्हा माझं लिहून झालं होतं.

मी पहिल्या वर्गात पास झाले. आप्पांनी निकालाच्या दिवशी पेढे आणले, बेळगावच्या हॉस्टेलवर मला स्वतः सोडून आले, लोखंडी ट्रंक डोक्यावर घेऊन दोन जिने चढले. पीयूसी, मग लॉ, मग सनद, प्रत्येक वेळी आले. पण त्या दुपारबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. माझ्या मनात एक बारीकशी अढी राहिली. दहावीच्या त्या दिवसांत आप्पा माझ्याबरोबर नव्हते, मी एकटी लढले, असं मी लग्नानंतर नवऱ्यालाही सांगितलं होतं, आणि सांगताना मला त्याचा थोडा अभिमानच वाटला होता. माझा ताठ कणा मी त्या सहा एकट्या सकाळींच्या नावावर टाकला होता. आप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली.

फाइटची पेटी त्याआधीच गेली होती. मी लॉ करत होते तेव्हा निपाणीत घरोघर टीव्हीला जोडायचे खेळ आले, मग सायबर कॅफे आले, आणि अण्णांनी खोली सोडली. पेटी कुणी नेली ते कळलं नाही. एवढं अवजड लाकूड आणि काच, त्याचं कुणी काय करणार? पण खेळ मात्र त्या पेटीतून सुटून जगभर फिरत राहिला, आणि परवा माझ्याच घरात उशीखाली सापडला. तन्वीला तो खेळताना समोरच्याचा श्वास ऐकू येत नाही, खांद्याला खांदा लागत नाही, एवढं मला चुकल्यासारखं वाटतं. बाकी खेळ तोच आहे. धावून येणारा अजून धावूनच येतो.

तिच्या खोलीत तो आवाज ऐकल्यावर मला दोन दिवस चैन पडेना. रविवारी मी निपाणीला गेले, जुन्या वखारीपाशी दोघांना विचारलं, आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका गावात, पुतण्याच्या घराच्या ओसरीवर मला दत्तूअण्णा भेटले. अंग उतरलंय, पण पाय तसाच पुढं सरळ. मी नाव सांगितल्यावर त्यांनी ओळखलं. मी वकील झाले, हे त्यांना माहीत होतं. कसं, म्हटलं, तर म्हणाले, दिवाणजी सांगायचे की.

मी म्हटलं, आप्पा तुमच्याशी बोलायचे? त्या दुपारनंतर?

अण्णांनी माझ्याकडं नवलानं बघितलं. “त्याच दिवशी सांजच्याला परत आलते की. तुला ठावं न्हाय?”

मला ठावं नव्हतं. मग अण्णांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत. वखार सुटल्यावर आप्पा तडक त्यांच्याकडं आले होते. पोरं खेळत होती, ती जाईपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, मला एक डाव खेळायचाय. अण्णांनी दुसरा दांडा धरायला हात पुढं केला तर म्हणाले, नको, यंत्राशी खेळतो, तुम्ही माझ्या मागं उभे राहा, मी दुपारी उभा होतो तिथंच. अण्णा उभे राहिले. आप्पांनी दांडा धरला आणि सगळी बटणं दाबत सुटले. बघता बघता हरले. मग टोपी काढून हाताचा घाम पुसला आणि विचारलं, पोरीला रोज असं होतं का. अण्णा माणूस सरळ. म्हणाले, रोज नाही, तुम्ही मागं असलात की होतं.

“लई वेळ बसलं मग,” अण्णा म्हणाले. “म्हनाले, फाटकावर जात न्हाय आता. पर ती तिकडं लढतीया आन् मी नुसताच वजनं लिवत बसू व्हय?”

म्हणून परीक्षेच्या सहाही दिवशी वखार सुटली की आप्पा अण्णांकडं यायचे. पेपर कसा गेला असेल, यावर एक शब्द नाही. नुसते खेळायचे, अण्णा शेजारी उभे राहून सांगायचे, आणि आप्पा रोज हरायचे. घरी सांगायचे, वजनं चालू होती, उशीर झाला. मला ते उशिरा येणं आठवत होतं. मी त्याला राग समजले होते.

मी ओसरीच्या कडेला बसले. मग मी विचारलं, एकदाही जिंकले नाहीत?

जिंकले, म्हणाले. शेवटच्या पेपरादिवशी. कॉलेजच्या एका पोरानं दिवाणजींची थट्टा केली, या मामा म्हणाला. आप्पांनी टोपी बाकावर ठेवली आणि त्याच्यासमोर उभे राहिले. मागं ओढून धरलं, इतका वेळ धरलं की पोरगं वैतागलं, वाट्टेल ते दाबायला लागलं. मग आप्पांनी एक बटण दाबलं.

“जिंकल्यावर काय केलं त्यांनी?” मी विचारलं.

“काय करत्यात,” अण्णा म्हणाले. “मागं वळून बगितलं. कोन बघाय हाय का म्हणून.”

“मग?”

“मी हुतो की.”